एक आखूड, तीन लांब

मोजणीदारानं नेहमीच्या कातळावर सतरंजी अंथरली, वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिलं. जमीन मोजण्यात हयात घालवलेल्या या माणसाला पाखरं मोजायला लावलं होतं त्याच्या दादानं. "जमीन मोजण्यात कसली आलीय मर्दुमकी? ती काही उडून जात नाही," असं म्हणून तो डिवचायचा.

दर हिवाळ्यात दोघे भाऊ दरीच्या दोन काठांवर समोरासमोर बसायचे. मध्ये ओढा. एकच थवा दोघांकडून मोजला जाऊ नये म्हणून दादानं शिट्टीचा नियम घातला होता. एक आखूड शिट्टी म्हणजे 'हा मी मोजला, तू सोड.' तीन लांब म्हणजे 'काम संपलं, खाली उतर.' त्या तीन ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही, याबाबतीत तो भलताच कडक होता.

गेल्या हिवाळ्यात धाकट्यानं त्या तीन वाजवल्याच नाहीत. बोटं गारठली होती, शिट्टी कोटाच्या आतल्या खिशात होती. येईल आपला आपण, असं म्हणत तो गाडीत हीटर लावून बसला. मग धुकं उतरलं. नऊ दिवस शोध चालला, पण दादा सापडला नाही आणि त्याची शिट्टीही नाही. "मी तीनदा वाजवली होती," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि वर्षभर ताकास तूर लागू दिली नाही.

आज निघताना वहिनीनं थर्मास हातात दिला आणि पुन्हा तेच विचारलं.

"भावजी, वाजवली होतीत ना तुम्ही?"

"हो वहिनी. तीनदा."

"मग ह्यांना ऐकू कशी आली नाही हो? कान तर चांगले होते."

त्याला तिच्याकडे बघवलं नाही. आज मोजणी संपवून घरी गेलं की तिला खरं सांगून टाकायचं, असं त्यानं वाटेत ठरवलं.

साळुंक्यांचा थवा पलीकडच्या गवतावर उतरला. टिपत टिपत पुढे सरकला, दादाच्या कातळाशी आला आणि दुभंगला. कातळ ओलांडून पुन्हा एक झाला. त्यानं आकडा लिहिला, चाळीस. दुसरा थवा आला, तोही तिथंच फाटला. त्यानं दुर्बीण पुसून पुन्हा लावली. कातळावर कुणी नव्हतं. सगळा काठ दहिवरानं पांढरा झाला होता, फक्त तिथं एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

त्याला स्वस्थ बसवेना. पाय आखडले म्हणून उठला, उभं राहवेना म्हणून बसला. चहा ओतला तो तसाच निवला. उन्हानं वाळलं असेल तिथं, असं त्यानं स्वतःला समजावलं, पण ऊन अजून दरीत उतरायचं होतं.

शेवटी त्यानं शिट्टी ओठांना लावली.

तीन लांब.

पलीकडच्या कातळालगतचे चार तितर भर्रकन उडाले.

मग पायवाटेच्या पहिल्या वळणावरचे बुलबुल. मग दुसऱ्या वळणावरचे. वाट खाली उतरत होती आणि पाखरं तिच्या कडेकडेनं एकामागून एक उठत होती, माणसाच्या चालीनं.

ओढ्यातली चक्रवाकांची जोडी ओरडत उडाली.

आता या काठावरची झुडपं. पहिलं, मग त्याच्या वरचं.

त्याची पाचावर धारण बसली.

सकाळपासून हातभर अंतरावर निर्धास्त बसलेला थिरथिरा शेपूट हलवायचा थांबला. आणि उडून गेला.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "गेल्या वर्षी मी वाजवली नव्हती रे."

दरीत पानही हललं नाही.

मग अगदी त्याच्या कानाशी शिट्टी वाजली. एक, आखूड.