बीदरच्या मावशीची चटणी

हुमनाबादहून चिटगुप्प्याला निघालेली बस खड्ड्यात आदळली, आणि वरच्या फळीवरच्या पिशवीतून तेलाची धार सुटली ती थेट खाली बसलेल्या तरुणाच्या डोक्यावर!

गौतमी जागेवरून उठलीच. पिशवी तिची, बाटली तिची, आणि माका, मेथी, जास्वंद घालून तेल कढवलेलंही तिनंच. आता हा ओरडणार, सगळी बस वळून बघणार, आणि मग कुणीतरी विचारणार — कुठली गं तू, कुणाच्यातली? या एका प्रश्नाची तिला लहानपणापासून धास्ती होती.

पण तो ओरडला नाही. त्यानं मान वर करून बाटली पाहिली, कपाळावरचा ओघळ बोटानं निपटला आणि चक्क हुंगला.

"जास्वंद हाय व्हय यात?"

"व्हय... माफ करा ओ, झाकण सैल राह्यलं—"

"माफी कशाला? आमच्या घरात गड्यांचे केस तिशीतच जातात. माझा नंबर जवळ आलाय." त्यानं उरलेलं तेल दोन्ही हातांनी डोक्यात जिरवलं. "टिकले तर तुमच्या नावानं नारळ फोडीन. नाव काय?"

"आधी टिकू तर द्या," ती हसू दाबत म्हणाली.

"आन् न्हाई टिकले तर भांडायला कुठं यायचं?"

"गौतमी. भीमनगर."

नाव आणि वस्ती तिनं मुद्दाम एका दमात सांगितली, आणि त्याचा चेहरा बघत राहिली. अशा वेळी माणसं पाय आवरून घेतात, त्यांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागतं. हा पठ्ठ्या मात्र अजून डोकंच चोळत होता.

"मी शिवप्रसाद. बाजारात मारुतीच्या देवळापाशी किराणा दुकान हाय आमचं, काकाचं आन् माझं. तेल घेऊन या तिथं. खायचं काही करता का?"

"शेंगाचटणी."

"मग ती बी आणा की! एकेक मागायला लावायलाव व्हय मला?"

आता सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

ती गेली. आधी चार बरण्या घेऊन, मग टोपली भरून. तेल खपायचं, चटणी तर हातोहात खपायची. तिची आई जगदेवी उखळात शेंगदाणे कांडता कांडता थकायची, पण तोंडावर हसू असायचं. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायचं तिनं सोडलं ते या चटणीच्या जोरावर. आणि शिवप्रसादची एक खोड होती — बरणी रिकामी परत द्यायची नाही. कधी त्यात बोरं, कधी ओला हरभरा, एकदा तर नुसतं झेंडूचं फूल.

"हे काय?"

"रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात."

"फुलाची भाजी करू व्हय?"

"केसात माळा. तेलाची जाहिरात होईल."

ती लटक्या रागानं टोपली उचलायची, पण वाटेत कुणी नाही असं बघून फूल माळायची. आणि घर जवळ आलं की काढून ओच्यात लपवायची... कारण भीती होतीच. पलीकडच्या गावात असंच एक फूल कुणाच्या तरी डोळ्यावर आलं होतं, आणि ते माळणाऱ्या पोरीच्या घरच्यांना गाव सोडून हैदराबाद गाठावं लागलं होतं. हे सगळं ठाऊक असून पावलं मारुतीच्या देवळाकडंच वळायची. काय म्हणावं या पोरीला!

एक दिवस ती जरा लवकर पोचली. दुकानात एक म्हातारी उभी होती.

"शिवा, तुझ्या बीदरच्या मावशीची चटणी दे रे. आमच्यात दुसरी कुणाच्या घशाखाली उतरायली न्हाई बघ."

शिवप्रसादनं बरणी काढून दिली. गौतमीची बरणी. बरणीच्या तोंडाला फडकं तिनंच बांधलं होतं. म्हातारी गेल्यावर त्यानं मान वर केली, आणि समोर गौतमीला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण ही मावशी?" तिनं हळू विचारलं.

"गौतमी, ऐका—"

"कोण मावशी?"

"कुणी न्हाई. खरं सांगितलं असतं तर एक बी बरणी हलली नसती. तुमचा माल खपावा म्हणून..."

"चटणी माझी आन् हात मावशीचे! मग बोरं बी तिलाच द्या. फूल बी तिलाच माळा. आन्..."

"आन् काय?"

"काही न्हाई. माझ्या बरण्या परत द्या."

तिनं टोपली पुढं सरकवली. तिला राग आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. बसमध्ये पाय न आवरणारा हा एकच माणूस तिला भेटला होता. तोही आतून भ्यालेला निघाला तर आता विश्वास ठेवायचा कुणावर?

"भ्यालो मी," तो म्हणाला. "काका दुकानातनं हाकलून देईल म्हणून भ्यालो. मायला काय वाटंल म्हणून भ्यालो. पण आता सांगतो. येळवसला आमच्या शेतात या. सगळी भावकी असंल. सगळ्यांसमोर सांगतो."

"मी कामून येऊ? मार खायला?"

"न्हाई आलात तरी सांगणार हाव. पण आलात तर... माझे पाय लटपटणार न्हाईत."

त्या सीमेवरच्या मुलखात मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसला, गावात कुत्रंदेखील थांबत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी, आंबील आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, मग तो कुणीही असो. निदान म्हणायला तरी तसंच.

"आपल्याला बी मारायचे की हाक," जगदेवी म्हणाली. "बांधावर बसवायचे. भज्जी वरून टाकायचे, ओंजळीत. हात भाजला तरी मागं घ्यायचा न्हाई. जाऊ नको, बाई. चटणी गेली तर जाऊ दे, तू राहा."

गौतमी रात्रभर कूस बदलत राहिली. पण सकाळी तिनं चटणीचा ताजा डबा भरला आणि निघाली.

ज्वारी डोक्याएवढी झाली होती. पानं सळसळली तरी तिला वाटे, मागून कुणी यायलंय. पायवाट संपली तशी हसण्याचे आवाज आले, चुलीचा धूर दिसला, आणि ती बांधावरच थबकली. तिथंच, जिथं आई बसायची. पुढं पाऊल उचलेना.

शिवप्रसादनं तिला पाहिलं. तो पंगतीतून उठला.

"माय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बीदरला मला कुणी मावशी न्हाई."

नागूबाई, त्याची आई, कोपीपाशी बसली होती. दोन वर्षांपूर्वी तापात तिचे केस मूठमूठ गळाले होते. आता पदराखाली चांगला लिंबाएवढा अंबाडा होता. "मला बहीण न्हाई ते मला ठाऊक न्हाई व्हय रे? सोलापूरचा माल असंल, गिऱ्हाइकाला थापा मारायलास म्हणून गप बसले."

"सोलापूरचा न्हाई. चटणी हिची हाय. तू लावतीस ते तेल बी हिचंच. ही गौतमी, भीमनगरची. आन् मला... मला हिच्यासंगं लगीन करायचंय."

चुलीवरची भज्जी तेवढी रटरटत राहिली. गौतमीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. लग्नाचं तर तिलाही तो आत्ताच सांगत होता! येड्यानं विचारायचं तरी आधी!

आप्पाराव काका ताटावरून ताडकन उठले. "तरीच! अरे, नैवेद्यावर हाय ती चटणी! पांडवांपुढं ठेवलीय! बाटवलंस सगळं. फेकून दे ते, नागू. आन् तू, उद्यापासून दुकानाची पायरी चढायची न्हाई."

शिवप्रसाद पांढराफटक पडला, पण मागं सरला नाही. तो चालत बांधापाशी आला आणि गौतमीच्या शेजारी उभा राहिला. त्याचा हात तिच्या हाताला लागला. दोघांचेही हात गार पडले होते.

नागूबाई उठली. कोपीत वाकून तिनं नैवेद्याचं पान उचललं. त्यावरची चटणी तिनं निरखून पाहिली. थोरल्या दिराच्या शब्दाबाहेर ती जन्मात गेली नव्हती. गौतमीनं डोळे मिटून घेतले. आता फेकणार...

"काका म्हणतात फेक," नागूबाई पुटपुटली. "पांडवांनी खाल्लं, आन् मी फेकू? लई मोठी लागून गेले का मी?"

तिनं चिमूटभर चटणी तोंडात टाकली. सगळे बघत होते. तिनं सावकाश चावली, गिळली, आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी पडलंय गं," ती म्हणाली. "घाईत कांडलीस व्हय?"

"भ्यालते..." गौतमी म्हणाली.

"भ्यायल्यावर मीठ कमीच पडतंय. ये, खाली उतर. तिथं कामून उभारलीस?"

काका तणतणत वाटेला लागले, त्यांच्या मागून आणखी दोन-तीन जण उठले. बाकीचे बसून राहिले, कुणी जेवत, कुणी नुसतं ताटात बघत. नागूबाईनं गौतमीच्या हातातून डबा घेतला, चटणी ताटात काढली, आणि डब्यात काठोकाठ गरम भज्जी भरली.

"तुझ्या आईला दे. म्हणावं, पुढच्या येळवसला बांधावर थांबायचं न्हाई. कोपीत यायचं, माझ्याजवळ बसायचं."

गौतमी डबा छातीशी धरून रडली. भरल्या पंगतीत, लाजबीज सोडून रडली.

परतताना शिवप्रसाद ज्वारीतून तिच्यासोबत निघाला.

"दुकान गेलं तुमचं," ती म्हणाली.

"जाऊ दे. बाजारात पाल ठोकू. पाटी लावू — गौतमीची चटणी, गौतमीचं तेल."

"आन् कुणी घेतलं न्हाई तर?"

"माय हाय की पहिली गिऱ्हाईक. फक्त मीठ तेवढं बघ." थोडं चालून तो अडखळला. "तू... तू अजून व्हय म्हणली न्हाईस."

"आधी केस टिकू द्या म्हणलं होतं ना मी?" तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं, आणि हसता हसता पुन्हा तिचे डोळे भरले. "व्हय. पण मला लई भ्या वाटायलंय ओ."

"मला बी," तो म्हणाला. "दे तो डबा. जड हाय."

"दोघं धरू," ती म्हणाली. आणि वस्तीच्या तोंडाशी, सगळे बघत असतानाही, तिनं डबा सोडला नाही, आणि त्यानंही.