निळ्या गाडीवरचे डाग

"भाऊ, भैय्याजी पेंटर इथंच भेटतीन का?"

विचारणाऱ्याला उर्वशीची फक्त पाठ दिसत होती. अंगात खाकी शर्ट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, तोंडावर मास्क. ती वळली, तिनं मास्क हनुवटीखाली ओढला... आणि धुक्यातून आत आलेला तो उंच, किडकिडीत माणूस जागच्या जागी अडखळला.

"माफ करा जी... मले वाटलं—"

"सगळ्यायलेच वाटते," ती म्हणाली. "भैय्याजी माझे बाबूजी. ते आता नुसते बसून राहतात. रंग मी मारते. चालत असन तं गाडी आत घ्या."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "चालते. गाडीले काय समजते, भाऊ मारून राहिला का बहीण."

"बहीण नका म्हणू," उर्वशी पटकन बोलून गेली. मग आपण असं का म्हणालो हे तिचं तिलाच कळेना, म्हणून तिनं वर जोडलं, "राखी बांधत फिराले मले वेळ नाही भेटत."

तो हसला. त्याचं हसू लगेच विझलं, पण तेवढ्यात तिनं ते पाहून घेतलं होतं.

त्याचं नाव गजेंद्र. रामाकोन्याला त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. गाडी गडद निळी, आणि ड्रायव्हरच्या बाजूचे दोन्ही दरवाजे लांबलचक खरचटलेले. पांढुर्ण्याचा एक कापडवाला ती विकत घ्यायला तयार होता; फक्त रंग नवा हवा होता. गाडी गेली की गजेंद्र रायपूरला जाणार होता, बहिणीकडे, अमिताकडे. तिनं तिथल्या एका मोठ्या बागेत त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. नर्सरी चुलतभावाच्या हवाली करून झाली होती. तो हे सगळं असं सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं सामान बांधून राहिला आहे.

सौंसरमध्ये पांढुर्ण्याच्या रस्त्यावर भैय्याजींचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. जामसांवलीला दर्शनाला येणाऱ्या गाड्यासुद्धा कधीमधी तिथं थांबायच्या. दोन वर्षांपूर्वी भैय्याजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, शब्द तोंडातल्या तोंडात राहायला लागले. लहानपणापासून त्यांच्यामागं फडकं घेऊन फिरणाऱ्या उर्वशीनं रंगाची गन हातात घेतली. लोकांनी आधी कौतुक केलं. मग ते चुका शोधायला लागले.

आणि चूक सापडली ती नेमकी या निळ्या गाडीवर.

रंग मारला त्या दिवशी तो छान दिसत होता. सकाळी वाळल्यावर पाहिलं तर पुढच्या दरवाज्यावर बारीक बारीक गोल खड्डे. मासोळीच्या डोळ्यांसारखे. तळाशी रंगाखालचा प्रायमर दिसत होता, जणू रंगानं तेवढ्या जागा मुद्दाम सोडल्या होत्या. उर्वशीनं दरवाजा पुन्हा घासून काढला. थंडीत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते हवेबरोबर रंगात आलं असेल म्हणून तिनं टाकी रिकामी केली आणि परत रंग मारला. परत डाग. आता मागच्या दरवाज्यावरही.

तिनं रंग पातळ करायचं थिनर बदललं. जवळच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू उडत येतात म्हणून चारही बाजूंनी ओले पडदे लावले. दव पडायच्या आत काम संपवलं, हॅलोजनचे दिवे लावून दरवाजे गरम ठेवले. प्रत्येक वेळी ती गाडीचं अंग घासून काढून पुसायची, आत जाऊन रंग कालवायची, कॉम्प्रेसर चालू करायची आणि मनातल्या मनात हात जोडून गन दाबायची.

गजेंद्र मात्र एकदाही चिडला नाही. बसनं यायचा, पिशवीत संत्री घेऊन. भैय्याजींच्या चाकाच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून फोडी सोलायचा, बिया काढायचा आणि एकेक फोड त्यांच्या डाव्या हातात ठेवायचा. भैय्याजी काही बोलायला जायचे, शब्द अडायचा. गजेंद्र घाई न करता तो येईपर्यंत थांबायचा. उर्वशी काम करता करता हे पाहायची... आणि तो पाहील म्हणून नजर वळवायची.

"तुमच्या भुवईले प्रायमर लागला," एकदा तो म्हणाला.

तिनं भुवई पुसली.

"दुसऱ्या."

तिनं दुसरी पुसली.

"आता दोन्हीले लागला," तो गंभीरपणे म्हणाला, आणि ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

एका संध्याकाळी त्यानं गाडीबद्दल सांगितलं. दिवाळी नुकतीच झाली होती. आईचा श्वास लागला, तिला नागपूरला नेताना एका कापसाच्या ट्रॉलीला गाडी घासली. तो थांबला नाही. तरीही उशीरच झाला. तेव्हापासून तो गाडीत बसला की मागच्या सीटवरून कुणीतरी हळू चालव म्हणेल असं वाटायचं. घरातही तसंच. चूल, खाट, अंगणातली तुळस, सगळं जिथल्या तिथं, आणि बोलायला कुणी नाही.

उर्वशीनं चहाचा कप त्याच्या हातात दिला, आणि दोघांची बोटं एकमेकांना लागली तेव्हा कुणीच घाईनं हात मागं घेतला नाही.

पण बाहेर वारं चांगलं नव्हतं. आलेल्या दोन गाड्या मालकांनी काम न करताच परत नेल्या. टपरीवर कुणी म्हणालं, पोट्टीच्या हातचा रंग गाडीच्या अंगाला धरत नाही. शेजारच्या वत्सलाकाकूंनी ते तिला येऊन सांगितलं, वर मायेनं सुचवलंही, का आता दुकान भाड्यानं देऊन टाक. पांढुर्ण्याच्या कापडवाल्याचाही फोन आला. त्याला आता दुसरी गाडी दिसली होती.

तिसऱ्यांदा रंग वाळला. तिसऱ्यांदा डाग. उर्वशी दरवाज्यासमोर फरशीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"गाडी नागपूरले घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होत."

गजेंद्रनं फळीवरचा खडू उचलला आणि दरवाज्यावरच्या एकेका डागाभोवती गोल काढायला लागला.

"आमच्या कलमायवर रोग येते," तो हळू बोलत होता, "तं तो कसाही पसरते. इकडं, तिकडं... त्याले ठिकाण नसते. हे पसरलेलं नाही. हे ठेवलेलं आहे."

ती उठून जवळ आली. खडूची वर्तुळं चार ओळींत वर गेली होती, उजवीकडे एक आखूड, वाकडी ओळ, आणि खाली एक घट्ट पुंजका. बाजूला पुन्हा तसंच. मागच्या दरवाज्यावर पुन्हा तसंच.

हात.

अंगठा उजवीकडे होता. डावा हात... खुर्चीत बसलेला माणूस जरा वाकून टेकवेल, त्या उंचीवर.

उर्वशीला तिथल्या तिथं सगळं समजलं. रंग मारायच्या आधी बाबूजी नेहमी गाडीच्या अंगावरून तळवा फिरवायचे. डोळा फसवते, हात नाही फसवत, असं म्हणायचे. ती रंग कालवायला आत गेली की ते खुर्ची सरकवत येत असणार, राहिलेल्या एका हातानं तपासत असणार आणि परत जागेवर जाऊन बसत असणार. आणि थंडीत दुखतो म्हणून त्याच हाताला रोज सकाळी मोहरीचं तेल ती स्वतः चोळून देत होती. तेल दिसत नव्हतं, पण रंग त्याच्यावर बसत नव्हता.

तिनं खडूच्या एका बोटावर आपलं बोट ठेवलं. मग तिला दुसरंच काहीतरी जाणवलं. गजेंद्रनं खडू उचलताना जराही विचार केला नव्हता.

"तुमाले केव्हा समजलं हे?"

त्यानं खडू फळीवर ठेवून दिला.

"केव्हा?"

"मागच्या वेळेस," तो म्हणाला. "मी बाबूजीजवळ बसून होतो. त्यायनं हात फिरवला, मी पाहिलं. रंग वाळल्यावर लक्षात आलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं..." त्यानं ओठ ओले केले. "तं गाडी झाली असती, उर्वशी. मले जावं लागलं असतं."

त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती त्या एका शब्दावर दिवसभर तरंगली असती. पण टपरीवरचं बोलणं, परत गेलेल्या गाड्या, सोलवटलेल्या बोटांनी पुन्हा घासून काढलेले दरवाजे, सगळं एकदम तिच्या छातीत आलं.

"सारं गाव मले हसून राहिलं होतं," ती म्हणाली. "आणि तुमी संत्री सोलत बसले होते."

त्यानं पिशवी उचलली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी हातात धरून ती बाबूजींसमोर बसली. सांगणं टाळता येईल का, याचा तिनं रात्रभर विचार केला होता. पण त्यांच्यापासून कधी काही लपवलंच नव्हतं. तिनं हळूहळू सगळं सांगितलं. तुमचा दोष नाही, तेलाचा आहे, असं दोनदा सांगितलं. भैय्याजींनी हात डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि चादरीखाली ठेवून दिला. त्या दिवशी ती रंग मारत असताना त्यांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवून घेतली होती.

रंग असा बसला की समोरचा कडुनिंब दरवाज्यात पानापानासकट दिसत होता. वाळल्यावर ती त्यांना गाडीजवळ घेऊन आली. पाहा नं बाबूजी, हात लावून पाहा, असं म्हणाली. त्यांनी मान हलवली, हसण्याचा प्रयत्न केला. हात मात्र वर आला नाही.

गजेंद्र गाडी न्यायला आला तेव्हा उर्वशीनं चावी फळीवर ठेवली, त्याच्या हातात दिली नाही. तो भैय्याजींच्या पाया पडला. मग निळी गाडी धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे दिवस फार लांब गेले. कामं थोडी थोडी यायला लागली. टपरीवर आता म्हणत होते, पोट्टीचा हात बसला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. चार वाजता बस थांबल्याचा आवाज आला की मान आपोआप वर व्हायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा. भैय्याजी दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. ते कुणाची वाट पाहतात हे तिनं विचारलं नाही.

एका दुपारी गजेंद्रचा फोन आला. गाडी शेवटी कापडवाल्यानंच घेतली. आज संध्याकाळी पांढुर्ण्यावरून रेल्वे आहे, नागपूर आणि तिथून पुढं रायपूर. "एवढंच सांगाचं होतं," तो म्हणाला. ती म्हणाली, बरं. फोन बंद केला, मास्क चढवला, कॉम्प्रेसर चालू केला.

कॉम्प्रेसर बंद पडला.

तिनं वळून पाहिलं. भैय्याजी खुर्ची सरकवत भिंतीशी आले होते आणि त्यांचा डावा हात बटणावर होता. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. ती थांबली, गजेंद्र थांबायचा तशी.

"जा," भैय्याजी म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट आला.

वत्सलाकाकूंना बाबूजींजवळ बसवून ती निघाली. पांढुर्ण्याला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. फलाटावर थंडी अशी की लोक शालीत नाक खुपसून बसलेले. गजेंद्र शेवटच्या बाकावर होता, पायाशी बॅग. तिला पाहून तो उठला, पण पुढं आला नाही.

"माझा राग गेला नाही," ती धापा टाकत म्हणाली. "हे सांगाले आली."

"एवढ्या दूर?"

"हो. गेला असता तं आली नसती."

"मी चुकलो," तो म्हणाला. "तुमाले लोकं बोलून राहिले होते, आणि मी आपलं पाहिलं. त्या घरात परत जाऊन एकटं बसाची भीती वाटे मले. तुमच्या पायरीवर बसलो का नाही वाटे."

"मंग तसं सांगाचं," उर्वशी म्हणाली. "गप्प राहून कोणाले थांबता येत नसते. विचारा लागते."

लांबून इंजिनाचा दिवा दिसायला लागला. फलाट हळूहळू उठून उभा राहिला. गजेंद्रनं बॅगेचा पट्टा उचलला... आणि तसाच थांबला.

"थांबू?" त्यानं विचारलं.

गाडीचा खडखडाट आला. उर्वशी काही म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नसावं. म्हणून तिनं पट्ट्याचं दुसरं टोक धरलं आणि सोडलं नाही. डबे समोर येऊन उभे राहिले, माणसं चढली, उतरली. शेवटच्या डब्याचा लाल दिवा धुक्यात मिसळला, तरी दोघं पट्टा धरून उभीच होती.

"अमिता मले ओरडन," गजेंद्र म्हणाला.

"ओरडू द्या. मीबी ओरडणार आहे."

सौंसरची शेवटची बस भरलेली होती. कंडक्टरनं उर्वशीला एक जागा करून दिली. गजेंद्र तिच्या सीटचा दांडा धरून उभा राहिला. खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता. तो तिच्यावर येऊ नये म्हणून तो हळूच एक पाऊल सरकला.

"किती दिवस राहीन हा राग?" त्यानं खाली वाकून विचारलं.

"माहीत नाही," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "तुमी येत राहा."