गप्प राहणारी गिटार

अनंतराव दाबके वस्तू घ्यायला निघाले, की दुकानदारानं समजावं, आपलं दुपारचं जेवण आज बुडालं. साधी टॉर्च घ्यायची तरी हा माणूस खिशातून मीटर काढणार. रेल्वेच्या टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं तारा तपासून तपासून त्यांची पक्की समजूत झाली होती, की जगात जे काही बिघडतं ते कुठल्यातरी जोडापाशी बिघडतं. मूळचे भुसावळचे. बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच झाले, हिंदी बोलता बोलता केस पिकले, पण ही समजूत काही सुटली नाही.

सत्याऐंशीच्या डिसेंबरात ते मुलीला, कांचनला, घेऊन इलाइट चौराह्यावर साहूजींच्या वाद्यांच्या दुकानात गेले. इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती, आणि तीही हौसेखातर नव्हे. रेल्वेत कलाकारांसाठी दोन जागा निघाल्या होत्या, त्यातली एक गिटारवाल्याची. तीन आठवड्यांनी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये परीक्षा. अनंतराव जानेवारीअखेर निवृत्त होणार. कांचनला नोकरी लागली तर राहता क्वार्टर तिच्या नावावर होईल; नाही लागली तर बावीस वर्षांचा संसार उचलून जायचं कुठं, याचं उत्तर घरात कुणापाशीच नव्हतं. कांचनची आई प्रमोदिनीबाई तर हल्ली भाजी निवडतानाही भिंतींकडे बघून उसासे टाकायच्या. कांचन आजवर मैत्रिणीची साधी लाकडी गिटार मागून आणून वाजवत होती, आणि परीक्षेला इलेक्ट्रिकच लागणार होती.

दुकानात खिशाला झेपतील अशा तीनच निघाल्या. साहूजींनी दोन काउंटरवर ठेवल्या. तिसरी मागच्या भिंतीवर होती, काळपट लाल रंगाची, वापरलेली. ती काही त्यांनी दाखवली नाही. अनंतरावांनीच बोट दाखवलं. साहूजींनी ती दांड्याला न धरता खांद्याच्या पट्ट्याला धरून उतरवली, हे अनंतरावांनी पाहिलं, पण त्यात मीटर लावण्यासारखं काही नव्हतं.

मग तपासणी सुरू झाली. पहिली गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, आवाज पूर्ण वाढवला. दुकानभर घरघर पसरली. अनंतराव खुशीत आले, कारण आता त्यांना शिकवायला मिळणार होतं. त्यांनी कांचनला समजावलं, की स्वस्तातली गिटार हवेतली सगळी विजेची गडबड पकडते, म्हणून घरघरते. तारांवर हात ठेवला, की माणसाच्या अंगामुळे ती घरघर बसते. हात काढला, की पुन्हा सुरू. त्यांनी हात ठेवून दाखवला, काढून दाखवला. दुसरीचंही तसंच. गप्प, घरघर, गप्प, घरघर. कांचननं जांभई दिली.

तिसरी जोडली आणि काउंटरला टेकून उभी केली. कुणाचाही हात नव्हता. आवाज पूर्ण वाढवलेला.

एक शब्द नाही.

अनंतरावांनी ॲम्प्लिफायरचा दिवा पाहिला, लागलेला होता. पेन्सिलीच्या टोकानं तार छेडली, तर अशी ठणठणीत वाजली, की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मग पुन्हा सारं गप्प. अनंतरावांचे डोळे चमकले. आत पत्र्याचं वेष्टण केलेलं असणार, म्हणाले. असं काम हल्ली होत नाही. साहूजी हळूच म्हणाले, "बाबूजी, दूसरी वाली भी ठीक है. थोड़ी घरघराती है, और क्या." पण दुकानदार महागातला माल गळ्यात मारतो हे अनंतरावांना पाठ होतं, आणि लाल गिटार तिघींत स्वस्त होती. ती आणि एक जुना ॲम्प्लिफायर घेऊन बापलेक घरी आले.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. कांचनचा एक अवघड तुकडा महिनोन् महिने अडत होता, तो चौथ्या दिवशी लोण्यासारखा निघाला. प्रमोदिनीबाईंनी गिटारला हळदकुंकू वाहिलं. कांचन एवढंच म्हणाली, की सकाळी गिटार हातात घेते तेव्हा तारा कोमट असतात. अनंतराव म्हणाले, उन्हात राहिली असेल. झाशीच्या डिसेंबरात, सकाळी सातला, उत्तरेकडच्या खोलीत कसलं ऊन! पण माणसाला एकदा उत्तर सापडलं की तो ते तपासत बसत नाही, मग त्याच्या खिशात मीटर का असेना.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. सकाळचे अकरा. कांचन कॉलेजात, प्रमोदिनीबाई शेजारी पापड लाटायला गेलेल्या. अनंतरावांची साप्ताहिक सुट्टी होती, आणि ते सुंदर वेष्टण एकदा डोळ्यांनी बघायची त्यांना कधीची इच्छा. त्यांनी गिटारची मागची पट्टी खोलली.

आत वेष्टण नव्हतंच. उघड्या तारा होत्या आणि कसेबसे मारलेले झाळणाचे दोन डाग. असलं गचाळ काम त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ही गिटार दुकानातल्या त्या दोघींपेक्षा दुप्पट घरघरायला हवी होती.

त्यांनी मीटर लावला. सगळे जोड नीट. पट्टी बसवली, गिटार भिंतीला टेकवली, ॲम्प्लिफायर जोडला, आवाज वाढवत शेवटपर्यंत नेला आणि चार पावलं मागं सरकले.

गप्प.

ती घरघर कशानं बसते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तर दुकानात दोनदा करून दाखवलं होतं.

त्यांनी स्वतःला चार शिव्या घातल्या, पुढं झाले आणि एक बोट तारांना लावलं. वरच्या टोकाला तारा बर्फासारख्या गार होत्या. ते बोट खाली आणत गेले. दांड्यावरच्या पाचव्या पडद्यापाशी चार बोटं रुंदीची जागा कोमट होती. त्यांनी हात असा मागं घेतला, जणू न विचारता कुणा परक्या माणसाला शिवले होते.

त्याच दिवशी गिटार परत करायला हवी होती. ते निघालेही होते. पट्टा खांद्यावर टाकून दारापर्यंत गेले. तेवढ्यात कांचन आली आणि म्हणाली, "बाबा, कुठे नेताय? आज वो पीस पूरा बैठेगा, बघा तुम्ही." आणि वाजवायला बसली. तो तुकडा खरोखरच बसला. अनंतराव दारात उभे राहून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या मनात क्वार्टरच्या दोन खोल्या आल्या, मागची तुळस आली, एकतीस जानेवारी आली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अनंतरावांना होती, त्यांनी ती गिळली. आठच दिवसांचा प्रश्न आहे, परीक्षा झाली की गिटार विकून टाकू, असं ठरवून ते चहा मागायला आत गेले. बायकोला अवाक्षर सांगितलं नाही.

परीक्षेला हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. समोर टेबलामागे तीन अधिकारी बसलेले. मंचावर लाल गिटार स्टँडवर उभी होती, ॲम्प्लिफायरला जोडलेली, अर्थातच गप्प. शिपायानं नाव पुकारलं. कांचन पायऱ्या चढली.

ती गिटारपासून तीन पावलांवर असताना घरघर सुरू झाली.

कुणाला काही वाटलं नाही. एका अधिकाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, इतकंच. हॉलमध्ये फक्त एका माणसाला कळलं, की तारांवरचा हात आत्ता उचलला गेला.

कांचन थबकली. तिनं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग हसली, ओळखीचं माणूस गर्दीत भेटावं तशी, आणि पुढं होऊन गिटार उचलली.

अनंतराव खुर्चीतून अर्धवट उठले होते. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. ते परत बसले.

कांचननं अप्रतिम वाजवलं. मधला अधिकारी मान डोलावत होता, शेवटी त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. टाळ्या झाल्या. कांचननं नमस्कार करून गिटार स्टँडवर ठेवली आणि बाजूला झाली.

आता ती गप्प व्हायला हवी होती.

झाली नाही. घरघर चालूच राहिली. कांचन पायऱ्या उतरली, खाली येऊन उभी राहिली, तरी चालूच. शेवटी शिपायानं जाऊन बटण बंद केलं.

निकाल तासाभरात कळला. कांचनचं नाव पहिलं होतं. लोकांनी अनंतरावांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ते हसले. बापानं हसायला हवं होतं.

गिटार खांद्याला लावून ते मुलीबरोबर बाहेर पडले. हिवाळ्याची दुपार, स्टेशन रस्त्यावर ट्रकांची रांग. रस्ता ओलांडताना सवयीनं त्यांनी कांचनच्या डाव्या हाताकडं हात पुढं केला. तो हात मोकळा होता, त्यात पिशवी नव्हती, रुमाल नव्हता. बोटं मात्र अर्धवट मिटलेली होती, आणि मनगटाजवळची कातडी दाबल्यासारखी पांढरी पडली होती.

"बाबा, इकडून या ना," कांचन लाजून म्हणाली. "तो हात रिकामा नाहीये."

अनंतराव तिच्या उजवीकडं गेले.