पिठावरचं पाऊल

फेब्रुवारी २०१५, सकाळचे सात. बडोदे, तरसालीतलं एक बैठं घर, त्यातली मागची बंद खोली.

यशराजला जाऊन एक रात्र उलटली होती. स्वाइन फ्लू. दवाखान्याने त्याला प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करूनच दिलं. तोंडात गंगाजलाचा थेंबसुद्धा घालू दिला नाही. खांदा द्यायला गल्लीतलं कुणी आलं नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळून जात होता.

जिथे जीव गेला तिथे रात्री दिवा लावायचा, शेजारी पीठ पसरून वर टोपली झाकायची आणि सकाळी पिठावर कसला ठसा उमटला ते पाहून गेलेल्याचा पुढचा जन्म ओळखायचा, ही घरची रीत. पण आयसोलेशन वॉर्डात दिवा कोण ठेवू देणार? म्हणून यशराजच्या आईने, कुसुमावतींनी, तो आधी ज्या खोलीत तापाने तळमळला होता तिथेच दिवा मांडला आणि बाहेरून कडी लावली.

आता त्याच्या बायकोने, अवंतीने, ती कडी काढली. आत फिनेलचा वास होता, विझलेल्या वातीचा होता, आणि त्यांच्याही खाली निलगिरीचा... ती रोज त्याच्या छातीला चोळायची तो.

तिने टोपली उचलली. पिठावर एक उघडं पाऊल होतं. लहान मुलाचं.

"गाईचं आहे," कुसुमावती घाईने म्हणाल्या. "चांगली गती मिळाली त्याला."

"आई, गाईला पाच बोटं असतात?"

"हळू बोल गं..."

अवंती बाहेर धावली. सहा वर्षांची भक्ती गादीवर झोपली होती. रात्रभर ती आईच्याच कुशीत होती. तळपायांना पिठाचा कणही नव्हता. पण पाय तव्यासारखे तापले होते.

सरकारी आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरने भक्तीकडे लांबूनच पाहिलं. "बेन, पप्पानो रिपोर्ट हजी आव्यो नथी. छोकरीने सादो ताव छे."

"रिपोर्ट नाही आला, माणूस गेला. तुमच्याच सरकारी दवाखान्यात. साध्या तापाला पिशवीत सील करता का तुम्ही?"

"मृत्यूचं कारण न्यूमोनिया लिहिलंय, बेन." तो आता मराठीवर आला. "रिपोर्टशिवाय घरच्यांना स्वाइन फ्लूच्या गोळ्या देता येत नाहीत. वरून ऑर्डर आहे."

वरच्यांना साथीच्या बळींचा आकडा वाढायला नको होता. गोळ्या पहिल्या दोन दिवसांत दिल्या तरच नीट लागू पडतात, हे त्या डॉक्टरलाही ठाऊक होतं. त्याने घशाचा नमुना घेतला नाही. पॅरासिटामॉल हातावर ठेवून मायलेकींना परत पाठवलं.

दुपारी भक्तीचा श्वास भात्यासारखा चालू लागला. ओठ काळसर पडले. कुसुमावती देवापुढून उठेनात. तेवढ्यात फोन वाजला.

"भक्तीची मम्मी? लॅबमधून बोलतेय. मुलीचा स्वाइन फ्लूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. केंद्राला कळवलंय, ताबडतोब गोळ्या सुरू करा."

अर्ध्या तासात त्याच डॉक्टरने, नजर चुकवत, गोळ्या काढून दिल्या. भक्ती वाचली.

त्यानंतर अवंती केंद्रावर भांडली, दवाखान्यात भांडली, लॅबच्या दारात बसून राहिली. लॅबचं म्हणणं एकच: नमुन्याची नळी सीलबंद होती, वर मुलीचं नाव होतं, आणि ती आयसोलेशन वॉर्डातून आली, यशराजची पिशवी तिथून बाहेर पडल्यावर.

त्या वॉर्डात मुलांना पाऊल ठेवू देत नव्हते. भक्ती कधी तिथे गेलीच नव्हती. तिच्या घशाला कापसाची काडी कुणी लावली, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.