नदीला काय सांगू?

रेलीनने एलीमोचा हात पहिल्यांदा धरला तो प्रेमाने नव्हे, घाबरून. क्रूझच्या पाहुण्यांना घेऊन तो रानात आला होता आणि बदामाच्या आकाराचं एक हिरवंगार पान कुरवाळायला निघाला होता.

"हात लावू नकोस! महिनोन्महिने आग होते!"

"पानाने, की तुझ्या हाताने?" आपल्या मनगटाकडे बघत त्याने विचारलं. तेव्हा कुठे तिने हात सोडला.

तेव्हापासून एलीमो काम करायचा ती पांढरी क्रूझबोट किनाऱ्याला लागली की पाहुण्यांना रानातली वाट दाखवणाऱ्या रेलीनचे पाय जमिनीवर ठरत नसत.

आज मात्र जमातीतली वडीलधारी आंटी डॉलीन पाहुण्यांना रानात शिरण्याआधी ओल्या पानांचा स्वागताचा धूर देत होती आणि एलीमो हळूच म्हणाला, "बोटीवरचा माझा करार संपला. नवा आहे तो युरोपातला... संध्याकाळी सही करायची. करू, की नको?"

"मला काय विचारतोस? तिकडे थंडी असते म्हणे. स्वेटर घे."

"रेलीन—"

"लोकरीचा घे," म्हणत ती तरातरा पुढे निघाली. जीभ झडली का माझी, असं वाटेभर स्वतःलाच दटावत राहिली.

झाडांतून पाऊस भुरभुरत होता. नदीपाशी पाहुणे फोटोत दंग झाले. एलीमो गोल दगडावरून पाण्यात पाय टाकणार, तेवढ्यात ती धावली.

"थांब! पाणी तुला ओळखत नाही अजून."

"इतक्यांदा आलो तरी?"

"रानात फिरायला धूर पुरतो. पाण्यात उतरायचं तर..." आणि काही सुचायच्या आत तिने आपल्या काखेतला घाम तळव्याने पुसला आणि त्याच्या कपाळावर, केसांवर चोळला. आपल्या माणसाचा वास लागला की नदीतले पूर्वज परक्यालाही घरचा समजतात. केल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो!

एलीमो हसला नाही. तोही रेलीनसारखाच मूळनिवासी, टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरचा. आपल्या अंगाचा वास कोणाला देतात, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"अगं ए शहाणे!" आंटी काठी टेकत आली. "हे काम म्हाताऱ्यांचं. मी मेले का?"

"चुकलं, आंटी..."

"चुकलं तर चुकलं, आता अर्धवट सोडू नकोस. हाक मार पूर्वजांना. नाव सांग, गाव सांग, तुझा कोण लागतो तेही सांग."

"पाहुणा... म्हणून सांगू?"

"पाहुण्याला घाम लावतात होय गं? पाण्यासमोर खोटं बोललीस तर बघ!"

रेलीन नदीकडे वळली.

"आजोबांनो, आज्यांनो... हा एलीमो. समुद्रातल्या बेटावरचा. हा..." तो श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. "हा माझा आहे! याला सांभाळा. हा परत येणार आहे!"

कार्यक्रमच आहे असं समजून पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पुन्हा एकदा म्हण," एलीमो म्हणाला, "त्यांचा व्हिडिओ राहिला असेल."

"आधी तू बोल! सही...?"

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने हात पुढे केला. "स्वेटर राहू दे आता."

या वेळी रेलीनने तो हात धरला, आणि आंटी बघत असतानाही सोडला नाही.