बोयाजवळचं जेवण

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला धनपाल मगदुमाचं उसाचं रान आहे. त्या रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं शिडाची होडी बांधायला काढली, तेव्हा सगळं बावडं हसलं. येणारा-जाणारा शेडमध्ये डोकं घालून विचारायचा, "काय अण्णा, पुराच्या आधी पळून जायचा बेत हाय व्हय?" धनपाल रंधा मारत राहायचा. उद्यमनगरात फौंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी पॅटर्न करण्यात त्याचा जन्म गेला होता. लाकूड त्याच्या हाताचं ऐकायचं. मुलगी ऐश्वर्या जयगडच्या बंदरात नोकरीला लागली आणि त्याच्या मनानं घेतलं, की तिच्या बंदरात एकदा आपल्या शिडावर जायचं. गुडघे साथ देतायत तोवर. त्यासाठी दोन हिवाळे मालवणात राहून तो शीड शिकून आला.

सोबत यायला तयार झाला एकटा हंबीरराव. बांधाला बांध लागून रान असलेला, शाळेपासूनचा दोस्त. पण मागल्या वर्षी त्याच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्याची बायको शालूबाई आडवी आली. शेवटी धनपालनं तिच्या दारात उभं राहून शब्द दिला.

"वहिनी, जसा नेतोय तसा आणून तुमच्या हवाली करतो."

"आणि न्हाय आणला तर?"

"तर मला बावड्यात पाऊल ठेवू देऊ नका."

"मी ऐश्वर्याकडं जाऊन बसते," शालूबाई म्हणाली. "धक्क्यावर उभी ऱ्हाईन. माणूस बघून घेईन, मगच तुम्हाला सोडीन."

टेम्पोवर बांधलेली होडी गगनबावड्याचा घाट उतरली आणि विजयदुर्गला पाण्यात पडली. पहिला मुक्काम रत्नागिरीत झाला. दुसऱ्या दिवशी मात्र समुद्रानं दोघांचा जीव काढला. दुपारनंतर वारा उत्तरेकडून थेट तोंडावर आला. सरळ जाता येईना. एकदा दर्याकडं, एकदा किनाऱ्याकडं असं नागमोडी जायचं, आणि इतकं झुंजून मान वळवावी तर मागचा डोंगर तिथल्या तिथं. दोरानं तळहात सोलले. ओठांवर मीठ वाळलं. धनपालचे गुडघे असे आखडले, की सुकाण्याजवळून उठायचं म्हटलं तरी त्याला मनाची तयारी करावी लागत होती.

जयगडचं दीपगृह दिसलं तेव्हा उन्हं कलली होती. टोकाच्या बाहेर मोठी जहाजं नांगर टाकून उभी होती. आत क्रेनचे लांब हात वरखाली होत होते. कोळशाची बारीक काळी भुकटी हवेतून येऊन पांढऱ्या शिडावर बसत होती. ऐश्वर्यानं दिलेला हातातला वायरलेस खरखरला. बंदरातून सूचना आली.

"शिडवाली बोट, चॅनलच्या बाहेरच थांबा. कोळशाचं जहाज निघतंय. ते गेलं की आडवं पार करा, आणि आतल्या जुन्या जेटीला लागा."

"थांबतो," धनपाल म्हणाला. शीड सैल सोडून त्यानं पाठ टेकली. बरं वाटलं.

"धन्या, तवर भाकरी खाऊन घे," हंबीररावानं गठुळं सोडलं. "जैनाचा तू, दिवस बुडल्यावर तोंडाला कुलूप लावणार. मग मी एकटाच खाणार आणि तू माझ्याकडं बघत बसणार. मला घास गिळत न्हाय तसा."

"खर्ड्यात लसूण असंल तुझ्या."

"हाय की. तुझ्यासाठी वायली बिनलसणाची चटणी बांधून दिलीय तिनं. माझ्यापेक्षा तुझी काळजी जास्त!"

चॅनलची, म्हणजे जहाजांच्या वाटेची हद्द दाखवणारा तरंगता लाल बोया थोड्या अंतरावर डुलत होता. सूर्य त्याच्या पाठीमागं होता. बोयाच्या कठड्याला टेकून कुणीतरी बसलंय असं दोघांनाही दिसलं. बंदराचा माणूस दिवा दुरुस्त करायला आला असेल, असं धनपालला वाटलं. हंबीररावानं भाकरी मोडता मोडता हात वर केला आणि बांधावरून घालावी तशी हाळी घातली,

"या पावणं, जेवाय!"

कोल्हापूरकडं भाकरी सोडून बसलेला माणूस वाटेनं जाणाऱ्याला बोलावल्याशिवाय घास मोडत नाही. जाणाराही काही बसत नाही. "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो आणि पुढं जातो. बोलावलेलं तिथं फिटतं.

बोयावरून कुणी "होऊ द्या" म्हणालं नाही. होडी वाहत जवळ गेली. बोया रिकामा होता. कठड्यावर पक्ष्यांची वाळलेली शीट आणि खाली हिरवं शेवाळ, एवढंच.

"आयला, माणूस वाटला की!" हंबीरराव हसला.

धनपालही हसला. तेवढ्यात होडी एका बाजूला झुकली. लाट नव्हती. काठावर हात टेकून कुणी आत चढावं तशी ती कलली आणि सावरली. पण पहिल्यासारखी हलकी झाली नाही. धनपालनं काठावरून खाली पाहिलं. बाहेरून मारलेला निळा पट्टा इतका वेळ पाण्याच्या वर होता. आता तो बुडाला होता. त्यानं तळात हात घालून पाहिला. तळ कोरडा.

"हंबऱ्या, जरा मधे सरक."

"मधेच हाय की मी."

हंबीररावानं चटणी-भाकरी धनपालच्या हातात दिली, आपली घेतली, आणि तिसरी भाकरी खर्डा लावून समोरच्या फळीवर ठेवली.

"ती कुणाला?"

"कुणाला म्हंजे?" हंबीररावानं भाकरीकडं पाहिलं. मग आपल्या हाताकडं. "मी ठेवली व्हय?"

धनपालचा घास तोंडात फिरत राहिला. जहाजं ओढणारी बंदराची एक टगबोट त्यांना वळसा घालून गेली. तिच्यावरचा खलाशी ओरडला, "ओ काका! एवढ्याशा होडीत तिघं कशाला बसलात? कडेला ऱ्हावा, जहाज येतंय!"

हंबीररावाचा चेहरा उतरला. "धन्या, कोण तिघं?"

"कोळशानं डोळं भरल्यात त्याचं," धनपाल म्हणाला. "छातीत कसं वाटतंय तुझ्या?"

"छाती बरी हाय. पाठीला गार लागतंय."

मग जहाज आलं. काळी, गंजलेली भिंत डोक्यावरून सरकू लागली. सूर्य झाकला गेला. इंजिनाच्या धडधडीत होडीची फळी न फळी थरथरत होती. त्या सावलीत धनपालला पुढचं नीट दिसेना. दोन्ही हातांनी त्यानं सुकाणू धरलं होतं. ते सोडलं असतं तर होडी जहाजाखालीच गेली असती.

धडधडीतून हंबीररावाचा आवाज आला. नरम, अदबीचा. असा तो कधी बोलत नसे.

"न्हाय पावणं, धक्क्यावर माझं माणूस वाट बघतंय. तुमचं हूं द्या."

थोडं थांबून पुन्हा, अगदी हळू, "बरं. सरकतो."

"हंबऱ्या!" धनपाल ओरडला.

जहाज निघून गेलं. ऊन परत आलं.

हंबीरराव पुढच्या टोकाला, पाठमोरा बसला होता. कपडे ओले होते. जहाजाच्या लाटेनं भिजला असेल, असं धनपालनं स्वतःला सांगितलं. पण धनपालच्या अंगावर थेंबही नव्हता.

फळीवरची भाकरी संपली होती. निळा पट्टा पाण्याच्या वर आला होता.

"छाती दुखली व्हय रं?"

पाठमोऱ्या मानेनं नाही म्हटलं.

उठून पुढं जावं, खांद्याला धरून तोंड बघावं, असं धनपालला वाटलं. पण गुडघे उठले नाहीत. खरं तर त्याला उठायचंच नव्हतं. इतका थकवा त्याला जन्मात आला नव्हता. त्यानं शीड ओढलं आणि चॅनल पार केला. टगबोट परत येताना दिसली. तोच खलाशी हात हलवून म्हणाला, "हां, दोघं आहात ते बरं!"

जुनी जेटी जवळ आली. ऐश्वर्या मोबाईल वर धरून शूटिंग करत होती. तिच्या शेजारी शालूबाई उभी होती. वाऱ्यानं तिचे केस विस्कटले होते आणि ती लांबूनच ओरडत होती.

"किती उशीर वो अण्णा! दुपारधरनं पाय मोडलं माझं!"

"आलो बघा वहिनी," धनपाल म्हणाला.

दोर बांधून होण्याआधीच हंबीरराव पायऱ्या चढून वर गेला. तोच चेक्सचा शर्ट, तीच टोपी, तीच डाव्या पायावर जरा रेलून चालायची ढब. तो शालूबाईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

शालूबाईचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू मिटलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, तो कपाळापर्यंत ओढला, आणि परक्या पुरुषाला वाट द्यावी तशी खाली बघत बाजूला सरली.

मग मान वाकडी करून, त्याच्या पाठीमागं, तिचं माणूस उतरायचं राहिलं असावं तशी होडीकडं बघत ती उभी राहिली.