शालूचा धूर

पंचाक्षरीच्या घराच्या खिडक्या बारा महिने सताड उघड्या असत. मंगळवार पेठेतले शेजारी म्हणत, या गड्याला चोराची भीती नाही, हवा कोंडायची आहे. ते खरंच होतं. त्याचा धंदा जुन्या जरीचा. बोहारणी भांड्यांच्या बदल्यात शालू, लुगडी गोळा करून आणत. तो जरीचे काठ कापून तेजाबात टाकी आणि चांदी काढी. चांदी विरघळताना चिंचेच्या कोळाच्या रंगाचा धूर निघतो. हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटतो, कोपऱ्यात साचतो. पंचाक्षरीचा वस्ताद मायाप्पा एकदा बंद खोलीत तो धूर ओढून हसतच बाहेर आला, घसा जरा खवखवतोय म्हणत चहा प्याला, चार चेष्टा केल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्याची छाती पाण्यानं भरली आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मेला. तेव्हापासून पंचाक्षरी गच्चीवरच काम करी, वारा पाठीवर घेऊन.

घरात तो आणि रत्नम्मा दोघंच. मूलबाळ नाही, पण संसार गोडीचा. तिला दमा होता, म्हणून त्याची काळजी दुप्पट. तिचा श्वास चढला की तो तिची पाठ चोळत बसे, आणि बरं वाटलं की तीच त्याला चिडवी, तेजाब सोडा आणि मालिशवाले व्हा म्हणे.

त्र्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात, दुष्काळानंतरच्या पहिल्या थंडीत, नागव्वा बोहारणीनं एक डाळिंबी शालू आणला. अंगभर जर. रत्नम्मानं तो खांद्यावर टाकून पाहिला.

"ह्यो नगा की कापू. अंगावर घेतल्यावर श्वास कसा मोकळा हुतोय बगा."

पंचाक्षरी हसला. धंद्याचा माल अंगाला लावायचा नसतो, म्हणाला. तिनं हट्ट केला नाही. स्वतः घडी घालून त्याच्या हातात दिला.

दुपारी त्यानं जर तेजाबात सोडली. वारा कुंभारी गावाकडून येत होता, त्यामुळे धूर स्टेशनाच्या बाजूला जायला हवा होता. गेलाही. मग कठड्यापाशी थांबला, वळला, आणि वाऱ्याच्या विरुद्ध जिन्याकडे निघाला. एकेक पायरी उतरत गेला. घाई नव्हती.

ओला पंचा तोंडाला बांधून पंचाक्षरी मागोमाग धावला.

रत्नम्मा मधल्या घरात झोपली होती. धूर तिच्या पायांपासून खांद्यापर्यंत पसरला होता, निऱ्या नीट बसवल्यासारखा. खिडकीतून वारा येत होता, तरी तो हलत नव्हता.

तिनं एक लांब श्वास घेतला. धूर संपला.

"कसली ग्वाड झोप लागली," ती डोळे उघडत म्हणाली. "चाफ्याचा वास आला बगा."

त्या धुराचा वास नाकात सुई टोचल्यासारखा असतो. पंचाक्षरीनं टांगा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती अगदी साफ आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. तो तिच्यासमोरून हलला नाही. तिनं भाकरी थापली, चवीनं खाल्ली, आणि असं काय बघताय, मी नवी नवरी हाय व्हय, असं विचारलं. त्याला हसू येईना. मायाप्पाही हसला होता.

दुसरी संध्याकाळ आली आणि गेली. तिसरीही. दमा गेला तो गेलाच. पंचाक्षरीनं सिद्धेश्वराच्या देवळात पेढे वाटले. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

बारीकसारीक गोष्टी मात्र होत्या. तिच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी झिजून चाळणीसारखी झाली. सकाळच्या गारठ्यात ती इतकी फिकट दिसे की मागचा खांब ओळखू येई. चुलीपाशी बसली की अंगावर तांबूस रंग चढे. धुराचंही तसंच असतं, गारठ्यात फिका, उबेत गडद. पंचाक्षरीला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा विचार करायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जोराचा वारा सुटला. रत्नम्मा खांबाला घट्ट धरून उभी होती. चेहरा हसराच.

"खिडक्या लावा की," ती म्हणाली. "वाऱ्यानं उडून जाईन असं वाटायलंय मला."

पंचाक्षरीनं तिच्याकडे पाहिलं.

मग उठून एकेक खिडकी लावली. गंजलेल्या कड्या बसेनात, त्या हातोडीनं ठोकल्या. तोंडाला बांधायचा पंचा त्यानं दाराखालच्या फटीत कोंबला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. त्याचा घसा जरासा खवखवत होता.